डव्हडेलला पहिल्यांदा जाताना: दगडांच्या पुढे चालत राहा

डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमला नोकरी-शिक्षणासाठी नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी सांगतेच, “डव्हडेल बघून या.” मग शनिवारी दोन गाड्या भरून मंडळी निघतात, नदीतल्या दगडांवर उभे राहून फोटो काढतात, तिथेच गवतावर डबे उघडतात आणि परततात. दिवस मजेत जातो, पण डव्हडेल बघायचे राहून जाते, कारण ते त्या दगडांच्या पुढे सुरू होते. हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे: कधी जावे, कसे पोहोचावे, पायात काय असावे आणि वाटेत काय बघावे.

आधी थोडा भूगोल. डव्ह नदी बक्स्टनजवळ अ‍ॅक्स एज नावाच्या माळावर उगम पावते आणि सुमारे ७२ किलोमीटर वाहून ट्रेंट नदीला मिळते. बऱ्याच अंतरापर्यंत तीच दोन काउंटींची हद्द आहे: एका तीरावर डर्बीशर, दुसऱ्यावर स्टॅफर्डशर. वाटेत एके ठिकाणी ती चुनखडीच्या डोंगराला चिरत जाते. मिलडेल या वाडीपासून थॉर्प क्लाउड या टेकडीपर्यंतचा तो जेमतेम पाच किलोमीटरचा घळीसारखा भाग म्हणजे डव्हडेल. हे सगळे पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येते. १९५१ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्याने जाहीर व्हायला लागली, त्यातले हे पहिले. खोऱ्याचा बराचसा भाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. आत जायला तिकीट नाही, फाटक बंद होण्याची वेळ नाही. पैसे लागतात ते फक्त गाडी लावायला.

दिवस निवडताना

उन्हाळ्यातला रविवार आणि बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, सोमवार शक्यतो टाळा. खोऱ्याकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत. वाहनतळ भरला की मागे गाड्यांची रांग लागते आणि वळायलाही जागा उरत नाही. शाळा चालू असताना मधल्या वारी रजा मिळाली तर सोन्याहून पिवळे. नाहीतर शनिवारी सकाळी नऊच्या आत तिथे पोहोचा. “नऊच्या आत” हे मराठी वेळेने नको.

ऋतूंबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मे महिना किंवा ऑक्टोबरचा शेवट. मेमध्ये झाडांखाली रानलसणाचे पांढरे ताटवे फुलतात आणि वाटेवर खमंग वास पसरतो. उतारांवर जांभळी ऑर्किड आणि पिवळी काउस्लिप दिसतात. ऑक्टोबरअखेरीस पाने पिवळी पडून गळू लागतात, आणि एरवी हिरवाईत दडलेले सुळके उघडे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये झाडी इतकी दाट असते की कित्येक खडक वाटेवरून दिसतच नाहीत, आणि नेमके तेव्हाच सगळे जातात.

हिवाळ्यात जायला हरकत नाही, पण उजेडाचा हिशेब करून. डिसेंबरच्या मध्यावर चारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि खोल खोऱ्यात काळोख त्याहून लवकर उतरतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत दिसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. त्या आठवड्यात “मागच्या वेळी सहाला उजेड होता” या भरवशावर राहू नका.

दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. नदी चढली की दगड पाण्याखाली जातात आणि पुढच्या अरुंद भागातली वाटही बुडते.

अजून एक. अ‍ॅशबोर्न हे जवळचे बाजाराचे गाव. तिथे दरवर्षी श्रोव्ह ट्यूसडे (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधीचा मंगळवार) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, अख्ख्या गावाचा फुटबॉल असतो. ओढ्याच्या वरच्या अंगाचे विरुद्ध खालच्या अंगाचे असा हा सामना. दोन गोल एकमेकांपासून सुमारे पाच किलोमीटरवर, आणि चेंडू रस्त्यांतून, ओढ्यातून, कुठूनही जातो. दुकानदार खिडक्यांना फळ्या ठोकतात. ते बघायला मुद्दाम जा, पण त्या दोन दिवशी अ‍ॅशबोर्नमधून गाडी काढून डव्हडेल गाठायचा बेत आखू नका.

पोहोचायचे कसे

गाडी असेल तर डर्बीहून ए५२ रस्त्याने अ‍ॅशबोर्न आणि तिथून थॉर्प किंवा आयलमच्या दिशेने आतल्या रस्त्याने. डव्हडेलचा मुख्य वाहनतळ आयलम आणि थॉर्प यांच्यामध्ये, खोऱ्याच्या अगदी तोंडाशी आहे. तिथे स्वच्छतागृह आहे. खाण्याचा ठेला असतो, पण तो उघडा असेलच असे धरून चालू नका. मोबाइलचे नेटवर्क या भागात फार कच्चे आहे. पार्किंगचे पैसे अ‍ॅपवर भरू म्हणून ऐन वेळी फोन हलवत बसण्यापेक्षा थोडी नाणी आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. नकाशाही घरूनच उतरवून घ्या.

माझा सल्ला विचाराल तर गाडी या वाहनतळावर लावूच नका, आयलममध्ये लावा. आयलम पार्क नॅशनल ट्रस्टचे आहे, तिथे वेगळा वाहनतळ आहे, स्वच्छतागृह आणि चहाची सोय आहे. गावातून बन्स्टर टेकडीच्या पायथ्याने, मेंढ्यांच्या कुरणातून जाणारी पायवाट वीस-पंचवीस मिनिटांत डव्हडेलच्या तोंडाशी सोडते. परत आल्यावर चहा समोर तयार, आणि दुपारच्या कोंडीतून सुटका.

गाडी नसली तरी अडत नाही. लंडनच्या सेंट पँक्रसहून डर्बी रेल्वेने दीड तासाच्या आसपास. डर्बीहून अ‍ॅशबोर्नला नियमित बस आहे. अ‍ॅशबोर्नहून पुढे डव्हडेलपर्यंत बसचा भरवसा धरू नका. त्याऐवजी टिसिंग्टन ट्रेल धरा. ही पूर्वीची रेल्वे. १८९९ मध्ये सुरू झालेला हा मार्ग १९६० च्या दशकात बंद पडला. रूळ काढून १९७१ मध्ये त्याची पायी आणि सायकलने जायची वाट केली. अ‍ॅशबोर्नमध्ये एका बोगद्यापासून ती सुरू होते. सपाट वाटेने साधारण तासाभरात थॉर्पच्या जुन्या स्थानकाच्या जागी याल. तिथून थॉर्प गाव, आणि गावातून लिन डेल नावाच्या गवताळ, कोरड्या दरीने उतरलात की थेट स्टेपिंग स्टोन्सपाशी, म्हणजे नदीतल्या त्या दगडांपाशी. चाल वाढते हे खरे, पण गर्दीच्या वाहनतळाचे तोंडही न बघता खोऱ्यात शिरण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र निघण्याआधी लिहून घ्या. रविवारी बस लवकर थांबतात.

पायात काय, पाठीवर काय

सह्याद्रीत भटकलेली मंडळी इथे एका गोष्टीला फसतात. आपला बेसाल्ट खरबरीत असतो, ओला झाला तरी बऱ्यापैकी पकड देतो. इथली चुनखडी तशी नाही. लाखो पावलांनी घासून ती गुळगुळीत झाली आहे, आणि वर पावसाचे चार थेंब किंवा ओला पाला पडला की पाय सरकलाच. तेव्हा खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत, शक्यतो घोटा झाकणारे. ऑफिसचे स्नीकर दगडांपर्यंत चालतील, पुढे नाही. सपाट तळव्याच्या चपला-सँडल घालून थॉर्प क्लाउड चढायला निघालेली माणसे दर सुट्टीला दिसतात. उतरताना ती बसून उतरतात.

जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. पावसाळी जाकीट जूनमध्येही हवे. छत्री घरी ठेवा, अरुंद वाटेवर ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. जोडीला मोज्यांचा एक जादा जोड आणि कचऱ्यासाठी पिशवी. खोऱ्यात आत कचराकुंड्या नाहीत, जे नेले ते परत आणायचे.

खाणे बरोबर न्या. मिलडेलला एका घराच्या खिडकीतून चहा-केक मिळतो, पण ती खिडकी रोज उघडी नसते. दशम्या, कोरडी चटणी, मेथीचे पराठे, उकडलेले बटाटे असे थंडही चांगले लागणारे काही असावे. शेगडी पेटवून कणसे भाजायचा मोह टाळा. इथे आग लावू देत नाहीत, आणि कोरड्या उन्हाळ्यात डोंगरावर आग पसरायला एक निखारा पुरतो.

कागदी नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर मालिकेतला ओएल २४, व्हाइट पीकचा. मुख्य वाट चुकण्यासारखी नाही, पण मिलडेलहून वेगळ्या वाटेने परतायचे असेल तर तो लागेल.

चाल: वाहनतळापासून मिलडेल

जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर. थांबत, बघत, खात साडेतीन ते चार तास धरा. मुख्य वाट जवळपास सपाट आहे, मध्ये एकच खरा चढ. सहा-सात वर्षांची चालायची सवय असलेली मुले आरामात करतात.

वाहनतळापासून स्टेपिंग स्टोन्सपर्यंत स्टॅफर्डशरच्या बाजूने डांबरी वाट आहे. दहा मिनिटे लागतात. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची इथपर्यंत येते, पुढे नाही. आईबाबा भारतातून आले असतील आणि गुडघे बोलत असतील तर त्यांच्यासाठी हीच हद्द. डाव्या हाताला बन्स्टर, उजव्या हाताला नदीपलीकडे थॉर्प क्लाउड आणि मधून पाणी, असा हा टप्पा त्यांनाही पुरेसा आनंद देतो.

स्टेपिंग स्टोन्स म्हणजे नदीत ओळीने रोवलेले मोठे दगड. व्हिक्टोरियन काळात पर्यटक येऊ लागले, त्या वेळचे हे काम. २०१० मध्ये घसरगुंडी कमी व्हावी म्हणून त्यांवर नव्या चुनखडीच्या लाद्या बसवल्या, आणि जुने रूप बिघडवले म्हणून त्यावरून तक्रारीही झाल्या. दगड ओलांडताना समोरून कोणी येत असेल तर थांबा, मधोमध दोघांना जागा नाही. फोटोसाठी अडून राहिलात तर इंग्रज माणूस काही बोलणार नाही, पण मागची रांग गप्प उभी आहे म्हणजे खूश आहे असे समजू नका. दगड पाण्याखाली असतील तर ओलांडायचा हट्ट नको. वाहनतळाजवळ पादचारी पूल आहे, तिथून पलीकडे जाऊन डर्बीशरच्या तीराने खडबडीत वाटेने इथवर येता येते.

आता निर्णयाची जागा. उजवीकडे थॉर्प क्लाउडचा चढ आहे. शिखर २८७ मीटर उंच, म्हणजे आकड्यात काहीच नाही, पण चढ तीव्र आहे आणि माथ्याजवळ तोच घासून चकाकलेला चुनखडक. कोरडे असेल तर अर्ध्या-पाऊण तासात वर जाल. वरून डव्हचे खोरे एका बाजूला, आयलमची हिरवी सपाटी दुसऱ्या बाजूला असे छान दिसते. पाऊस असेल किंवा लहान मुले असतील तर सोडून द्या. मी तर म्हणेन आधी मिलडेल करून या, पायांत दम उरला तर परतताना चढा. उलट केले की बहुतेकांचे मिलडेल राहते.

दगडांच्या पुढे वाट डर्बीशरच्या तीराने, म्हणजे नदी डाव्या हाताला ठेवून जाते. दोनशे-तीनशे मीटरमध्येच गर्दी ओसरते. नदीत जागोजागी छोटे बांध दिसतील. ते ट्राउट माशांसाठी, खरे तर ट्राउट पकडणाऱ्यांसाठी घातलेले आहेत. पाणी अडून शांत होते, खोल होते आणि मासे थांबतात. ट्राउट आणि ग्रेलिंग स्वच्छ पाण्यात वरूनच दिसतात. गळ मात्र टाकायचा नाही, मासेमारीचे हक्क खाजगी आहेत. बांधांच्या आसपास एखादा गोलमटोल काळपट, पांढऱ्या छातीचा पक्षी दगडावर उठाबशा काढत असेल, तर तो डिपर. बघता बघता तो पाण्यात बुडी मारतो आणि तळाशी किडे शोधतो. खंड्याही आहे, पण तो बहुतेकदा निळी रेघ होऊन निघून जातो.

मग येतो तो चढ, लव्हर्स लीप. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी या दगडी पायऱ्या बांधल्या असे सांगतात. वरच्या कठड्यावरून समोरच्या काठाचे सुळके दिसतात, त्यांना ट्वेल्व्ह अपॉसल्स म्हणतात. लव्हर्स लीप या नावामागची कथा अशी की नेपोलियनच्या युद्धात प्रियकर मेल्याची खबर ऐकून एका मुलीने इथून उडी घेतली, घागऱ्याने झाडाच्या फांदीत अडकून ती वाचली, आणि घरी गेली तर प्रियकर जिवंत असल्याचे कळले. असल्या गोष्टी प्रत्येक कड्याला असतात. पण तुम्ही कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढू नका, तुमच्या जाकिटाला फांदी सापडेलच असे नाही.

पायऱ्या उतरून पुढे गेलात की उजव्या अंगाला टिसिंग्टन स्पायर्स हे टोकदार सुळके, आणि थोड्या अंतरावर उतारावर उंच एक नैसर्गिक कमान. तिच्या मागे रेनार्ड्स केव्ह ही गुहा. कमानीपर्यंतची चढण छोटी पण निसरडी आहे. खालून बघूनही समजते, चढलेच पाहिजे असे नाही.

हे सुळके आणि कमानी इथेच का, हे कळले तर पुढची चाल जास्त रंगते. सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी हा भाग विषुववृत्ताजवळच्या उथळ, कोमट समुद्राखाली होता. समुद्री जीवांचे शिंपले आणि सांगाडे साठून चुनखडी झाली. काही ठिकाणी चुन्याच्या गाळाचे भक्कम ढिगारे वाढले, ते आजूबाजूच्या थरांपेक्षा कठीण निघाले. थॉर्प क्लाउड असाच एक ढिगारा. नदीने आणि हिमयुगातल्या वितळत्या पाण्याने मऊ भाग खोदून नेला आणि कठीण भाग सुळके होऊन उभा राहिला. चुनखडी आम्लधर्मी पाण्यात विरघळते, म्हणून आत गुहा तयार झाल्या. नदी खाली खोदत गेली आणि गुहा वर लटकत राहिल्या. कमान म्हणजे कोसळलेल्या गुहेचा उरलेला दरवाजा. वाटेवरच्या घासलेल्या दगडांत नीट पाहिलेत तर समुद्रकमळ नावाच्या समुद्री जीवांच्या देठांच्या गोल चकत्या दिसतात. बघा, पण उकरून नेऊ नका.

रेनार्डच्या पुढे दोन्ही कडे जवळ येतात आणि नदीला लागून फळ्यांची वाट सुरू होते. मला विचाराल तर सगळ्या खोऱ्यातला हा सर्वांत देखणा तुकडा. इथे ऊन दुपारीच काय ते पोहोचते, खडकांवर शेवाळ आणि नेचे आहेत आणि पाण्याचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येतो. पूर आला की सगळ्यात आधी बुडतो तोही हाच भाग. पाणी फळ्यांवर असेल तर मागे फिरा, खोली दिसत नाही.

इथे झाडांबद्दल एक सावधगिरी. खोऱ्यातली बहुतेक झाडे अ‍ॅश जातीची आहेत, आणि या जातीला बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाने ग्रासले आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये हा रोग पहिल्यांदा आढळला. रोगट झाडाच्या फांद्या अचानक तुटतात. म्हणून झाडे पाडली जातात, कधी वाटेचा तुकडा बंद ठेवला जातो. बंदचा फलक दिसला तर तो माना, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात झाडाखाली डबा उघडून बसू नका. वाटेकडेच्या काही ओंडक्यांत नाणी ठोकलेली दिसतील. नवस म्हणा, गंमत म्हणा, आपण त्यात भर घालायचे कारण नाही.

अरुंद भागातून बाहेर पडलात की नदीपलीकडे आयलम रॉक, पंचवीसेक मीटर उंचीचा सरळसोट खांब. अलीकडच्या काठावर पिकरिंग टॉर. मध्ये लहान पूल आहे. खांबावर गिर्यारोहक लटकलेले दिसतील. जेवायला ही जागा उत्तम आहे. इथून पुढे खोरे रुंदावते आणि डव्ह होल्स या दोन प्रशस्त पण उथळ गुहा उजवीकडे लागतात. पाऊस आला तर मोठीत आडोसा मिळतो, पन्नास माणसे मावतील एवढी ती आहे.

आणखी पंधरा-वीस मिनिटांत मिलडेल. दगडी घरांची लहानशी वाडी, स्वच्छतागृह, ती चहाची खिडकी आणि एक अरुंद दोन कमानींचा पूल, व्हायेटर्स ब्रिज. हा ओझ्याच्या घोड्यांचा पूल. चार्ल्स कॉटनने १६७६ साली मित्र आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या पुस्तकाला जोड लिहिली, त्यातला परगावचा प्रवासी व्हायेटर हा पूल पाहून टरकतो, यावरून उंदीरसुद्धा जेमतेम जाईल म्हणतो. तेव्हापासून पूल त्याच्याच नावाचा. दगडी कठड्यावर बसून पाय सोडायला हरकत नाही, पण मागून सायकल ढकलत कोणी आले तर उठावे लागेल इतकी त्याची रुंदी.

परत त्याच वाटेने या. उलट दिशेने प्रकाश वेगळा पडतो, कंटाळा येत नाही. नकाशा वाचता येत असेल आणि पाऊण तास जादा असेल तर मिलडेलहून वर स्टॅन्शोपकडे चढा आणि हॉल डेल या शांत दरीतून आयलम रॉकपाशी उतरून मुख्य वाटेला लागा. हॉल डेलमध्ये भर ऑगस्टच्या रविवारीही माणसे मोजकीच असतात.

शेतातून जाणारी वाट: रीतिरिवाज

नवख्यांना सगळ्यात बावचळून टाकणारी गोष्ट म्हणजे पायवाट सरळ कोणाच्या तरी कुरणातून, कधी अंगणाच्या कडेने जाते. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पिवळा बाण म्हणजे पायी जायचा सार्वजनिक रस्ता, निळा म्हणजे पायी, घोड्यावर आणि सायकलवरूनही. बाण असेल तर निर्धास्त जा, पण वाट सोडून गवत तुडवत जाऊ नका.

फाटक जसे मिळाले तसे ठेवा. बंद होते तर बंद, उघडे होते तर उघडे, शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते. दगडी कुंपणात अंग चोरून जायची फट असते, पाठपिशवी आधी पलीकडे द्या. कुंपणावर चढू नका, ते चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेले असते, एक दगड निसटला की दहा येतात.

गायी दिसल्या की आपल्याला आपुलकी वाटते. इथे ती लांबूनच व्यक्त करा, विशेषतः वासरे बरोबर असतील तर. कळपाला वळसा घाला, वासरू आणि गाय यांच्यामध्ये जाऊ नका. कुत्रा बरोबर असेल तर मेंढ्यांजवळ दोरी सोडू नका. वसंतात कोकरे असतात, तेव्हा तर मुळीच नाही.

स्पीकरवर गाणी नकोत. मोठ्या ग्रुपला हे सांगायला जिवावर येते, पण त्या अरुंद घळीत आवाज घुमतो आणि तुमचे गाणे अर्ध्या किलोमीटरवरच्या माणसाला ऐकावे लागते. अंताक्षरी खेळा, गळ्याने. ड्रोनही घरी ठेवा, नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि वाटेत समोरून येणाऱ्याला “मॉर्निंग” किंवा “हॅलो” म्हणायचे असते. शहरात जो शेजारी नजर चुकवतो तोही इथे म्हणतो.

काही बिघडले तर

पाय मुरगळला, कोणी पडले, तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागा आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू मागा. टेकडी लहान असली तरी हेच. हे पथक स्वयंसेवकांचे असते, पैसे घेत नाही. खोऱ्यात फोन लागणार नाही अशा जागा बऱ्याच आहेत, त्यामुळे कोणाला तरी मदतीसाठी पाठवावे लागू शकते. ९९९ ला मेसेज पाठवूनही मदत मागता येते, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो. घरी बसल्या बसल्या नोंदवून टाका.

घरी परतल्यावर मुलांचे पाय, गुडघ्यामागची बाजू, कमरेचा पट्टा तपासा. उंच गवतात आणि नेच्यांत गोचीड असते आणि काहींतून लाइम हा आजार होतो. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडीची आग यांपैकी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचे सांगा.

वेळ उरला तर

आयलम नुसते चहासाठी नको, थोडे फिरा. एकोणिसाव्या शतकात जेसी वॉट्स-रसेल या धनिकाने हे गाव स्विस धाटणीच्या घरांनी नव्याने वसवले. त्याचा हॉल नंतर बहुतेक पाडला गेला, उरलेला भाग आणि बाग १९३४ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आली. आज तिथे युथ हॉस्टेल आहे, स्वस्तात राहायला चांगले. बागेत मॅनिफोल्ड नदी बघा. कोरड्या उन्हाळ्यात ती वर वेटन मिलजवळ जमिनीत शिरते, कित्येक किलोमीटर पात्र कोरडे पडते आणि आयलमच्या बागेत पुन्हा उसळून वर येते. चुनखडीचाच हा खेळ. पुढे थोड्याच अंतरावर ती डव्हला मिळते.

टिसिंग्टन गाव असेन्शन डेच्या आठवड्यात गाठा. ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा हा गुरुवार. ओल्या मातीच्या पाट्यांवर फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया दाबून चित्रे काढतात आणि गावातल्या विहिरी-झऱ्यांवर उभी करतात. आपल्याला फुलांच्या रांगोळीची आठवण होणारच, फक्त ही उभी असते.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा मिलडेलच्या वरचे खोरे करा: वुल्फ्सकोट डेल, मग बेरेस्फर्ड डेल आणि शेवटी हार्टिंग्टन. इथे कडे कमी, मोकळे गवताळ उतार जास्त, आणि माणसे फारच थोडी. हार्टिंग्टनला चीजचे दुकान आहे, स्टिल्टन हे निळ्या बुरशीचे चीज घ्यायला ही योग्य जागा, कारण स्टिल्टन कायद्याने डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच काउंटींत बनवता येते. शाकाहारी असाल तर वेष्टनावर रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ, तो वासराच्या पोटातूनही काढतात) कोणते ते वाचा किंवा दुकानात विचारा, सगळेच चीज शाकाहारी नसते. आणि परत बसने जायचे असेल तर पिशवीला दोन गाठी मारा. निळ्या बुरशीच्या त्या वासाची तुम्हाला गोडी लागली असेल, शेजारच्या प्रवाशाला लागलेली नसते.